नव्या शालेय वर्षासाठी कुटुंबांची पूर्वतयारी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते, त्या सुमारास ढोकी आणि आसपासच्या गावांत पालक घरी भेटणे ही मोठी कठीण गोष्ट असते. ७ जूनच्या आगेमागे मृग नक्षत्र लागते. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीन, तूर, उडीद, मूग यांच्या पेरणीची एकच धांदल उडते. पाऊस लांबला तर बी-बियाण्याच्या चिंतेने घर ग्रासलेले असते. दोन्ही प्रसंगी लेकराच्या शाळेचा विचार मागे पडतो, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शाळेचे वर्ष व शेताचे वर्ष एकाच पंधरवड्यात सुरू व्हावे, ही आपल्याकडील मूळची अडचण आहे. तेव्हा पालकांशी जे बोलावयाचे ते मृगापूर्वी बोलून झाले पाहिजे. घंटा वाजल्यावर पटनोंदणीसाठी वाड्यावस्त्यांवर हिंडणारा शिक्षक कष्ट पुष्कळ करतो, परंतु तो दोन महिने उशिरा निघालेला असतो.

या दृष्टीने २०२२ सालापासून आपल्या राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने सुरू झालेले शाळापूर्व तयारी अभियान योग्य वेळ साधणारे आहे. इयत्ता पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एक मेळावा एप्रिलच्या सुमारास व दुसरा शाळा उघडताना घ्यावयाचा, आणि मधल्या काळात मातांच्या लहान लहान गटांनी घरच्या घरी मुलांकडून खेळ करवून घ्यावयाचे, अशी त्याची रचना आहे. मेळाव्यात सात टेबले मांडतात. पहिल्यावर नोंदणी होते. पुढे शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषाविकास, सामाजिक व भावनिक विकास, गणनपूर्व तयारी अशी टेबले येतात, आणि सातव्यावर पालकांना मार्गदर्शन केले जाते. मूल एकेका टेबलावरून पुढे जाते व त्याच्या विकासपत्रात नोंद होते.

येथे एक निरीक्षण स्पष्टपणे नमूद करणे भाग आहे. मधल्या पाच टेबलांवर रंगीत चित्रे, मणी, चेंडू, ठोकळे यांची आरास असते, शिक्षकांचा उत्साहही तेथेच ओसंडत असतो. आणि सातवे टेबल बहुधा कोपऱ्यात, एखादे पत्रक हाती देऊन आटोपलेले दिसते. वस्तुतः सहा वर्षांचे मूल शाळेसाठी फारसे अपुरे नसते. चेंडू फेकणे, रंग ओळखणे, चार वस्तू मोजणे हे ते आज ना उद्या शिकतेच. ते शाळेत टिकेल की नाही हे घराच्या तयारीवर ठरते. म्हणून ज्या शिक्षकाला गर्दीतही बसून ऐकता येते, असा शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक त्या सातव्या टेबलावर बसवावा.

पालकांना काय सांगावे? पहिली गोष्ट अशी की, घरातील कामातच शिकवण्याचे साहित्य भरलेले आहे. तूर आणि हरभरा एकत्र करून मुलाला निवडावयास द्यावा. वर्गीकरणाचा पहिला पाठ तेथे होतो व बोटांना पेन्सिल धरण्याचे वळणही लागते. टोपल्यातील भाकरी मोजणे, घरातील माणसांइतक्या वाट्या मांडणे, वाळत घातलेल्या कपड्यांतून लहान-मोठे वेगळे करणे, हौदातून तांब्याने बादली भरताना किती तांबे लागले ते सांगणे, यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, आईचे काम अडत नाही आणि तिला अक्षरओळख असण्याचीही गरज पडत नाही. “आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?” असे म्हणणाऱ्या मातेला हे प्रत्यक्ष करून दाखवावे. तोंडी सांगितलेले ती ऐकून घेते व घरी गेल्यावर विसरते; स्वतःच्या हाताने लेकरासमोर दाणे ठेवले की ते तिचे होते.

दुसरी गोष्ट भीतीची. आपल्याकडे मूल हट्टास पेटले की, “थांब, गुरुजीला सांगतो,” असा धाक घालण्याची जुनी रीत आहे. असा धाक वर्षभर ऐकलेले मूल पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात हंबरडा फोडते, यात नवल नाही. मे महिन्यात एकदोनदा मुलाचा हात धरून त्याला रिकाम्या शाळेत आणावे, पाण्याची टाकी, मुतारी, बसण्याची जागा दाखवावी, शिक्षकाशी दोन शब्द बोलू द्यावे. एवढ्याने निम्मे रडे टळते. भाषेचेही तसेच. घरी ‘ठिवलं’, ‘आनलं’ म्हणणारे, तांड्यावर गोरमाटी बोलणारे किंवा घरी उर्दू बोलणारे मूल पहिल्याच आठवड्यात वर्गात हसण्याचा विषय झाले, तर ते पुढे महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. येथे पालकांइतकीच शिक्षकाचीही तयारी व्हावी लागते, हे आपण आपल्याशी कबूल करावे.

शाळेने घरापर्यंत जाण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली. ज्या घराला शाळेचा मार्ग ठाऊक नाही, त्या घराचा मार्ग शाळेने शोधावा, ही त्यामागची दृष्टी होती. आपल्या भागात चैत्र वद्यात जवळच्या तेर येथे संत गोरोबाकाकांची यात्रा भरते. पंचक्रोशीतील कुटुंबे त्या वेळी एकत्र येतात, बाहेरगावी गेलेले नातलगही परततात. एप्रिलच्या मेळाव्याचा दिवस ठरविताना अशा गोष्टी ध्यानात घेतल्या तर बोलावणे धाडण्याचे श्रम पुष्कळ वाचतात.

नोंदणीच्या वेळी जन्मतारखेचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणारे मूल इयत्ता पहिलीस पात्र धरले जाते. गावोगावच्या जनरल रजिस्टरांची जुनी पाने चाळली तर १ जून ही जन्मतारीख इतक्या वेळा आढळते की, जणू अर्ध्या गावाचा जन्म एकाच दिवशी झाला असावा! आपल्या पूर्वसुरींनी सोय म्हणून लिहिलेली ती तारीख अनेकांना जन्मभर वागवावी लागली. ग्रामपंचायतीतील जन्मनोंद, ती नसल्यास दवाखान्याचा किंवा अंगणवाडीचा अभिलेख, तोही नसल्यास पालकांचे लेखी प्रतिज्ञापन, या क्रमाने शोध घ्यावा व हे काम उन्हाळ्यातच उरकावे. परंतु वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठविता येत नाही; बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १४ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. कागद मागून येईल, मूल आधी वर्गात बसावे.

खर्चाविषयी थोडक्यात. गणवेश व पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात, दुपारचे भोजन शाळेत मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तथापि वह्या, दप्तर, छत्री यांचा खर्च नेमका बियाणे व खत घेण्याच्या दिवसांत येतो. गतवर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवलेली वही चालेल, दप्तर जुने चालेल, असे शिक्षकानेच आधी सांगून टाकले तर पालकाच्या मनावरचे ओझे उतरते. नव्या दप्तरावाचून लाजेने घरी राहिलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळावयाचे. ढोकीजवळ तेरणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ऊस हे या भागाच्या जीवनाचे एक अंग झाले. तरीही आपल्या जिल्ह्यातील कोरडवाहू गावांमधून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे जूनमध्ये पटावर आलेले मूल नोव्हेंबरात हजेरीपटावरून दिसेनासे होते, आणि परत येते तेव्हा वर्ष संपलेले असते. पटनोंदणी शंभर टक्के झाली म्हणून जूनमध्ये समाधान मानणाऱ्या शाळेने दिवाळीनंतरचा हजेरीपट उघडून पाहावा.

या स्थलांतराचा निर्णय नोव्हेंबरात होत नाही. नवराबायकोची जोडी, जिला त्या व्यवसायात ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेते. ही उचल पुष्कळदा पावसाळ्याच्या तोंडी किंवा पावसाळ्यातच घेतली जाते. कधी ती पेरणीसाठी असते, कधी लग्नासाठी, तर कधी दुखण्यासाठी. ती हाती पडली की हिवाळ्यात घरातून कोण जाणार हे ठरलेले असते. नेमकी तीच वेळ शाळेचे वर्ष सुरू होण्याची आहे. म्हणून जूनमधील गृहभेटीत नोव्हेंबरचा प्रश्न विचारला पाहिजे. “लेकराला शाळेत घालणार ना?” या प्रश्नाला सगळे होकार देतात. “दिवाळीनंतर लेकरू कुणापाशी राहील?” हा प्रश्न विचारला म्हणजे खरे बोलणे सुरू होते.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर असाच प्रश्न एका वृद्धेला केला होता. मुलगा व सून ऊसतोडीस जाणार होती आणि नात दुसरीत होती. म्हातारी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ठिवून घेते की गुरुजी. दिवसा तुमी संभाळताल. पर मला रातचं दिसत नाही, चुलीपाशी बसवत नाही. लेकराला सांजच्याला खायला कोण घालंल?” त्या घराची अडचण शाळेच्या महत्त्वाविषयी अज्ञान ही नव्हतीच. संध्याकाळची भाकरी, एवढीच ती होती. शिक्षणाच्या महतीवर आम्ही तयार करून नेलेले व्याख्यान तसेच राहिले, आणि ते राहिले हे बरेच झाले.

अशा घरांसाठीच हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आईवडील बाहेरगावी असताना मुलांच्या भोजनाची व देखरेखीची व्यवस्था गावातच, शाळा व्यवस्थापन समितीच्या सहभागाने केली जाते. मूल आजीआजोबांच्या आश्रयाने आपल्या गावी राहते व शाळा चुकत नाही. मात्र ही व्यवस्था मागणीवर अवलंबून असते. कोणत्या घरातून किती मुले मागे राहतील याची नावानिशी यादी पावसाळ्यातच तयार नसेल, तर दिवाळीत धावपळ होते, आणि यादी मंजूर होईतो टोळीचा ट्रॅक्टर निघून गेलेला असतो. जून-जुलैच्या गृहभेटीतील टिपणे म्हणजेच ही यादी होय. समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. कोणती आजी थकली आहे आणि कोणती चुलती मूल सांभाळील, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते.

ज्या घरी मागे राहणारे कोणीच नाही, तेथे मूल टोळीबरोबर जाणारच. त्याला अडविण्यापेक्षा त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि आईवडिलांना त्याचा उपयोग नीट समजावून सांगावा: कारखान्याच्या गावी कोपी बांधून झाली की जवळच्या शाळेत ते दाखवावयाचे व मूल बसवावयाचे. दाखला मागाहून येईल या कारणास्तव त्या शाळेला प्रवेश लांबविता येत नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. उपरोक्त अधिनियमात या दोन्ही तरतुदी आहेत. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. ज्या हंगामात आपल्या परिसरात गाळप चालते, त्या हंगामात परजिल्ह्यातील टोळ्यांच्या कोप्या आपल्या शिवारात पडतात. त्या कोप्यांतील मूल आपल्या शाळेच्या दाराशी आले तर आपण काय करतो?

थोरल्या मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. धाकट्या भावंडाला सांभाळणे व कोपीवर स्वयंपाक करणे यांसाठी टोळीबरोबर जावे लागते ते बहुधा दहाबारा वर्षांच्या मुलीला. तिच्याविषयी आईशी बोलताना शिक्षिकेने जावे. शिक्षिका नसल्यास अंगणवाडीसेविकेला बरोबर घ्यावे.

सक्तीची भाषा मात्र टाळावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी त्याची गरज होती. आजच्या अधिनियमात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानलेले आहे, परंतु त्यासाठी पालकाला दंड नाही. सक्ती आहे ती शासनावर. ज्या घराने उचल घेतली आहे त्याला दंडाची भीती घालून काय साधणार?

गृहभेटीसाठी एक साधी वही करावी. प्रत्येक घराला एक पान द्यावे. मुलांची नावे व जन्मतारखेचा आधार, घरात शाळेविषयी निर्णय कोण घेते, दिवाळीनंतर घरी कोण राहणार, संध्याकाळचे जेवण कोण करणार, आणि टोळी जाणार असल्यास कोणत्या गावाकडे, एवढे त्यावर लिहिलेले असावे. शेवटचे दोन रकाने पहिल्या भेटीत बहुधा रिकामेच राहतात. ते भरण्यासाठी श्रावणात, पिके उभी असताना व माणसे थोडी मोकळी असताना, त्याच घरी पुन्हा एकदा जावे.