हाड जुळतं, माणसाला उभं करावं लागतं

पहाटे बाथरूमला जाताना आजी घसरतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. दोन-तीन महिन्यांनी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, “हाड छान जुळलंय.” घरच्यांना हायसं वाटतं. आजी मात्र अजून पलंगावरच असतात. ताट तिथेच येतं, अंघोळ दुसरं कोणीतरी घालतं, तुळशीला पाणी घालायला अंगणापर्यंत जाणंही होत नाही. हाडाची प्रगती एक्स-रे सांगतो. आजींची प्रगती बहुतेक घरांत कोणी मोजतच नाही. त्यामागे काही घट्ट समजुती आहेत. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : “या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहिलं की हाड आपोआप जुळेल.”

वस्तुस्थिती : खुबा मोडल्यावर आठवडेच्या आठवडे पडून राहणं हेच मोठं संकट असतं. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. शिवाय मांडीच्या हाडाची मान मोडली, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड जुळतच नाही. म्हणून अनेकदा गोळाच बदलतात. त्याखाली मोडलं असेल तर रॉड घालतात. वेदना कमी व्हावी आणि माणूस लवकर उभा राहावा, यासाठी हे ऑपरेशन असतं. ते शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावं, असा जगभरचा संकेत आहे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अतिशय लवकर ऑपरेशन केल्याने मृत्यूंचं प्रमाण घटलं नाही. पण भ्रम आणि लघवीचा संसर्ग कमी झाला, रुग्ण लवकर उभे राहिले. प्रकृती फारच नाजूक असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतात, पण नुसतं वय हे नकाराचं कारण नाही.

गैरसमज २ : “ऑपरेशननंतर दीड महिना पाय टेकवायचा नाही.”

वस्तुस्थिती : खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, सोसेल तेवढं वजन पायावर टाकू देतात. अंथरुणाला खिळण्याची किंमत किती असते? २००७ मधल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू झडले. हाड न मोडलेल्यांची ही गत! काही फ्रॅक्चरमध्ये वजन टाकण्यावर खरोखरच बंधन असतं. म्हणून “किती वजन टाकायचं आणि कधीपासून?” हे सर्जनला पहिल्याच दिवशी विचारा आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

गैरसमज ३ : “आजी काहीबाही बोलतायत, वयामुळे डोकं फिरलं.”

वस्तुस्थिती : काल नीट बोलणारी व्यक्ती आज मुलाला ओळखत नाही, रात्रभर जागते, सलाईन उपटते, किंवा उलट अगदी गप्प आणि गुंगीत राहते. हा अचानक आलेला भ्रम आहे आणि त्याला बहुधा कारण सापडतं: न शमलेली वेदना, संसर्ग, अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, शरीरातलं कमी झालेलं पाणी, एखादं नवं औषध. डॉक्टरांना लगेच सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र घरून आणून द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री झोप होऊ द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा. बऱ्याच जणांत भ्रम काही दिवसांत ओसरतो. काहींची स्मृती मात्र त्यानंतर मंदावते. म्हणूनच दुर्लक्ष नको.

गैरसमज ४ : “कॅल्शियमची गोळी आणि पायाचं सूप, एवढं पुरे.”

वस्तुस्थिती : पायाच्या सूपात कॅल्शियम फार कमी उतरतं. आणि उभं राहायला हाडाइतकेच स्नायू लागतात, स्नायूंना प्रथिनं लागतात. आजारी किंवा जखमी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ५० किलोच्या आजींना ६० ते ७५ ग्रॅम. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. “पचायला हलकं” म्हणून दोन्ही वेळा मऊ भात आणि पातळ वरणच दिलं, तर हिशेब कुठेच जुळत नाही. उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गैरसमज ५ : “तीन महिने झाले, आता यापुढे काही सुधारणा नाही.”

वस्तुस्थिती : इथे खरं बोललं पाहिजे. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी चार-पाच जणांत एक जण वर्षभरात दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांचं चालणं पूर्वीइतकं होत नाही. मनगट मोडलं तर आयुष्य बऱ्याच अंशी पूर्ववत होतं; खुबा किंवा मणका मोडला तर सुधारणा बऱ्याचदा अपुरी राहते. पण सुधारणा तीन महिन्यांवर थांबत नाही. मुख्य भर पहिल्या सहा महिन्यांत असतो आणि वर्षभर ती चालू राहू शकते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये ज्येष्ठांच्या आजारांचे तज्ज्ञ, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून काळजी घेतली, तेव्हा चार महिन्यांनंतर त्या रुग्णांचं चालणं इतरांपेक्षा चांगलं होतं. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून टाके निघाले की फिजिओ बंद करू नका. प्रगती मोजा ती कामांनी: स्वतः खुर्चीत बसल्या का, संडासला स्वतः गेल्या का, जिना चढल्या का.

गैरसमज ६ : “आता परत पडायला नको, त्यांना उठूच द्यायचं नाही.”

वस्तुस्थिती : या धास्तीमागे माया असते, पण बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. झोपेच्या गोळ्यांची खरंच गरज आहे का, ते डॉक्टरांना विचारा. कमोडशेजारी पकडायला दांडा, रात्री वाटेत दिवा, सरकणारी पायपुसणी बाद. एवढं केलं की आजींना चालू द्या.

गैरसमज ७ : “हाड जुळलं, उपचार संपले.”

वस्तुस्थिती : उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली आहेत असंच बहुधा समजायचं. एक हाड मोडलं की दुसरं मोडण्याची शक्यता वाढते. खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक अॅसिड दिल्यावर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, हे दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत २००७ मध्ये दिसलं. ते देण्याआधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. तरीही कितीतरी रुग्णांना हाडाच्या ठिसूळपणावरचा एकही उपचार मिळत नाही, कारण कोणी विचारतच नाही.

म्हणून हॉस्पिटलातून निघण्यापूर्वी चार प्रश्न विचाराच: पायावर किती वजन टाकायचं, फिजिओ किती महिने, आहारात किती प्रथिनं, आणि ठिसूळ हाडांसाठी कोणतं औषध? घरी आल्यावर आजींना रोज एक प्रश्न विचारा, “आज तुम्ही स्वतःच्या हाताने काय केलंत?” त्या उत्तरात दर आठवड्याला एखादं नवं काम वाढत गेलं, तर आजी बऱ्या होत आहेत.