पणजोबांहूनही म्हातारा शिंपला!

दोस्तांनो, एक कोडं घालू? एक प्राणी आहे. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत. लहानपणी एकदा का वाळूत घर केलं, की जन्मभर तिथेच! तरी रोज पोटभर जेवतो. कोण बरं?

हरलात? तो आहे गूईडक, एक भलामोठा शिंपला! उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, थंडगार समुद्राच्या तळाशी तो राहतो. वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीत तर लाखो गूईडक आहेत!

त्याचं कवच वीतभर लांब. पण खरी गंमत पुढेच! कवचातून एक जाडजूड, मांसल नळी बाहेर येते. ताणली की चक्क मीटरभर लांब! कवचात ती मावते कशी? मावतच नाही! दप्तरात कोंबलेली बॅडमिंटनची रॅकेट कशी वर डोकावत राहते, अगदी तशी. चेन काही लागत नाही!

एवढी नळी हवी कशाला? अहो, गूईडक बसलेला असतो वाळूत मीटरभर खोल! नळीचं टोक तेवढं वर. नळीच्या आत दोन वाटा. एकीतून पाणी आत येतं. त्यातले डोळ्यांना न दिसणारे वनस्पतींचे कण तो गाळून खातो आणि उरलेलं पाणी दुसरीतून बाहेर! ओहोटीच्या वेळी किनाऱ्याजवळची वाळू उघडी पडली आणि जवळून कुणी चाललं, तर हा पठ्ठ्या पिचकारीही मारतो!

आता सांगा, तो जगतो किती वर्षं? दहा? पन्नास? कॅनडात सापडलेला एक गूईडक होता १६८ वर्षांचा! मुंबई ते ठाणे आगगाडी पहिल्यांदा धावली १८५३ साली. त्या दिवशी जन्मला असता, तर २०२१ पर्यंत जगला असता. बाप रे!

पण वय कळलं कसं? त्याच्या कवचात दरवर्षी एक नवी रेघ उमटते. शास्त्रज्ञ कवच कापतात आणि बिजागरीजवळच्या रेघा मोजतात. समुद्र उबदार असेल त्या वर्षी वाढ जास्त, थंड असेल त्या वर्षी कमी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी समुद्र कसा होता, हेसुद्धा हा शिंपला सांगतो! मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

माणसं गूईडक आवडीने खातात. पाणबुडे तळाशी जाऊन पाण्याच्या फवाऱ्याने वाळू सैल करतात आणि त्याला अलगद उपटतात. मोठा झालेला गूईडक एकदा बाहेर निघाला, की त्याला पुन्हा खोल जाता येत नाही. लहानपणी ज्या पायाने तो वाळू खणत गेला, तो पाय आता त्याच्या देहापुढे फारच इवला असतो.

आणि हो, आपल्या कोकणातल्या तिसऱ्या म्हणजे छोटे शिंपलेच. त्यांनाही पाणी आत-बाहेर करायला दोन नळ्या असतात, पण चिमुकल्या. घरी जिवंत तिसऱ्या आल्या, तर मिठाच्या पाण्यात ठेवायला सांगा. मग अजिबात धक्का न लावता बघत बसा. नळ्या हळूच बाहेर येतील!