हाकेला धावणारे दैवत : अवलोकितेश्वर, ग्वानयिन आणि विठाई माउली

१. विषयप्रवेश

चिनी आणि हिंदू दैवतांमधील साम्य हा विषय पदव्युत्तर वर्गात निघाला की बहुधा एक यादी तयार होते. आपला यम तोच चिनी परंपरेतील नरकाधिपती यानलुओ. ब्रह्मा, इंद्र, लक्ष्मी, सरस्वती ही दैवते चिनी बौद्ध मंदिरांतील रक्षक देवगणांत सामावलेली. कुबेराचे वैश्रवण हे रूप तिकडे हातात स्तूप धरलेला दिक्पाल झालेले, आणि कुबेरपुत्र नलकूबर ‘नेझा’ या नावाने खट्याळ व पराक्रमी बालदेव बनलेला. ही यादी खोटी नाही. परंतु यादी पूर्ण झाली म्हणजे अभ्यास पूर्ण झाला असे समजण्यात धोका आहे. दैवत एका भूमीतून दुसऱ्या भूमीत गेले एवढे यादी सांगते; तेथे गेल्यावर भक्ताने त्याच्याकडे काय मागितले आणि त्या मागण्यामुळे दैवतात कोणता पालट झाला, हे ती सांगत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मनात हा प्रश्न पुस्तकांतून नव्हे, तर बोईसर-तारापूर परिसरात अध्यापन करताना उभा राहिला. वारकरी संतांनी नवस-सायासांवर केलेल्या टीकेचे विवेचन चालू असताना सातपाटी-दांडीकडच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले : वडील समुद्रावर असताना वादळ उठले की आई घरात दिवा लावून देवीला हाक मारते, तिला नवस बोलते, मग आईची ती भक्ती नव्हे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी देता आले नाही. ते शोधताना चिनी दैवतविचाराचा उपयोग झाला, म्हणून हा लेख.

२. साम्याचे तीन प्रकार

दैवतांच्या तुलनेत तीन वेगवेगळ्या गोष्टी ‘साम्य’ या एकाच शब्दाखाली एकत्र केल्या जातात. त्या प्रथम वेगळ्या करू.

पहिले, संक्रमणजन्य साम्य. येथे दैवत प्रत्यक्ष एका परंपरेतून दुसरीत गेलेले असते आणि ग्रंथ, भाषांतरे, शिल्पे यांच्या आधारे तो प्रवास दाखविता येतो. यम-यानलुओ हे याचे उदाहरण.

दुसरे, रूपसाम्य. दोन दैवते दिसायला किंवा पराक्रमाने सारखी असतात. पण संबंध सिद्ध होतोच असे नाही. ‘पश्चिमेकडील प्रवास’ या चिनी कादंबरीतील वानरवीर सुन वुखोंग आणि हनुमान यांची जोडी प्रसिद्ध आहे. हू शी यांनी १९२३ मध्ये त्याचे मूळ हनुमानात शोधले, तर लू शुन यांनी चिनी दंतकथेतील एका जलदैत्याकडे बोट दाखविले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

तिसरे, कार्यसाम्य. दैवतांची मुळे वेगळी असतील, रूपेही वेगळी असतील. परंतु भक्ताच्या जीवनात ती एकच काम करतात. साहित्याच्या अभ्यासकाला हा तिसरा प्रकार सर्वाधिक महत्त्वाचा वाटावा, कारण भक्तिवाङ्मय जन्माला येते ते दैवताच्या मूर्तीतून नव्हे, तर भक्त आणि दैवत यांच्यातील नात्यातून. हे तिन्ही प्रकार एकाच दैवताच्या चरित्रात पाहावयाचे असतील तर अवलोकितेश्वराइतके योग्य उदाहरण नाही, आणि त्याचा आरंभ आपल्याच किनाऱ्यावर सापडतो.

३. सोपारा आणि कान्हेरी

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच ठिकाणी मिळाले. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात याच शूर्पारकाच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. पूर्ण भिक्षू होतो. पुढे त्याचा भाऊ इतर व्यापाऱ्यांसह चंदन आणण्यासाठी समुद्रपार जातो. चंदनवनाचा स्वामी असलेला यक्ष वादळ उठवितो. संकटात भावाला पूर्णाची आठवण होते, तो त्याला हाक मारतो, आणि पूर्ण तेथे प्रकट होऊन जहाजावर अंतराळात आसन घालून बसतो. वादळ शमते. परत आणलेल्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी प्रासाद बांधला जातो. समुद्र, संकट, हाक आणि धावून येणे ही चौकट आपल्या जिल्ह्याच्या कथेत इतकी जुनी आहे.

हीच चौकट कान्हेरीत दगडात कोरलेली दिसते. कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा, कल्याण आणि चौल येथील दात्यांचे उल्लेख येतात. त्यांत व्यापारीही आहेत. तेथील ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराची मूर्ती मध्यभागी असून तिच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करताना दाखविली आहेत. असाच शिल्पपट औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील ७ क्रमांकाच्या लेण्यात अधिक भव्य आहे : आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, हत्ती, आणि बुडू पाहणारे जहाज. ज्यांच्या धनावर ही लेणी उभी राहिली त्यांच्या भयांची जणू ही सूचीच होय.

४. नावाचा प्रवास

या शिल्पांमागील विचार ‘सद्धर्मपुण्डरीक’ सूत्राच्या अवलोकितेश्वरविषयक प्रकरणात आहे. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये या सूत्राचे चिनी भाषांतर केले आणि ते प्रकरण चीनमध्ये स्वतंत्रपणे पठणात आले. त्यातील आश्वासन साधे आहे : संकटात जो या बोधिसत्त्वाचे नाव घेईल त्याची सुटका होईल. हे आश्वासन ग्रंथातच राहिले नाही. सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे मायदेशी परतणारा फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी वादळात सापडला तेव्हा आपण याच बोधिसत्त्वाचा धावा केला, असे त्याने स्वतः नोंदविले आहे.

चिनी नावाचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. ‘अवलोकितेश्वर’ म्हणजे खाली पाहणारा ईश्वर. परंतु जुन्या पोथ्यांत ‘अवलोकितस्वर’ असेही रूप आढळते. त्यात ‘ईश्वर’ नाही, ‘स्वर’ आहे. या रूपावरून चिनी भाषेत ‘ग्वानशियिन’, संक्षेपाने ‘ग्वानयिन’, हे नाव झाले. त्याचा अर्थ जगाचा आक्रोश जाणणारा. सातव्या शतकात ह्युएन त्संगने हे नाव चुकीचे ठरविले आणि ‘ईश्वर’ या पदाला धरून नवे नाव सुचविले. भारतात राहून संस्कृत शिकलेला, सुमारे ६४१ मध्ये दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातून प्रवास केलेला हा पंडित होता. त्याचा अधिकार मोठा. ते नाव ग्रंथांत राहिले, पण लोकांच्या ओठी ग्वानयिनच टिकले. पंडिताने शब्दाची व्युत्पत्ती पाहिली, भक्ताने शब्दाचे काम पाहिले. भक्ताला आपली हाक ऐकणारा हवा होता.

आपल्याकडील भाषेतही हाच व्यापार दिसतो. देव ‘पावतो’, तो ‘नवसाला पावणारा’ असतो, ठाण ‘जागृत’ असते. भक्त ‘धावा’ करतो आणि देव ‘धावतो’. या क्रियापदांत दैवताच्या तात्त्विक स्वरूपाचा उल्लेख नाही. त्याच्या प्रतिसादाचा आहे.

५. पुरुषदेव आई कसा होतो

भारतातील अवलोकितेश्वर पुरुषरूप आहे. चीनमध्येही आरंभी तो तसाच होता. काही जुन्या चित्रांत त्याला मिशाही आहेत. साधारणपणे दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान त्याचे रूप स्त्रीचे होत गेले. पित्याच्या आजारात स्वतःचे डोळे आणि हात देणाऱ्या म्याओशान या राजकन्येची कथा तिच्याशी जोडली गेली; हनान प्रांतातील ११०० सालच्या शिलालेखात ही कथा कोरलेली आहे. अपत्य देणारी, बाळंतपणात सांभाळणारी, खलाशांना तारणारी आई म्हणून ग्वानयिन घराघरांत गेली.

मराठी वाचकाला येथे पंढरपूर आठवल्याखेरीज राहणार नाही. विठ्ठल पुरुषरूप, पण नामदेव-जनाबाईंपासून तुकारामांपर्यंत संतांनी त्याला आई म्हटले. जनीबरोबर जात्यावर दळण दळणारा देव मायेने आईच आहे. दोन्हीकडे घडलेली गोष्ट एकच : करुणेचे दैवत भक्ताच्या इतके जवळ आले की पुरुषवाचक नाते त्याला अपुरे पडले. मात्र ती घडण्याचे माध्यम वेगळे आहे. चीनमध्ये मूर्तिकाराने देवाचे रूप बदलले. महाराष्ट्रात मूर्ती होती तशीच राहिली, बदल कवीने शब्दात केला. विटेवर कटीवर कर ठेवून उभे असलेले ध्यान आणि ‘विठाई माउली’ ही हाक यांतील विसंगती कोणाही वारकऱ्याला जाणवत नाही, हे अभंगवाणीचे सामर्थ्य होय. विठ्ठलाच्या घडणीत अनेक धारा मिळाल्याचे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. तथापि ग्वानयिन आणि विठाई यांच्यात प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. हे कार्यसाम्य आहे, आणि त्याची किंमत त्यामुळे उणावत नाही.

६. किनाऱ्यावरची देवी

समुद्राशी जगणाऱ्या समाजात हे कार्य अधिक ठळक होते. फूज्यान प्रांतातील मेइचौ बेटावर ९६० मध्ये जन्मलेली एक कोळ्याची मुलगी वादळात सापडलेल्या आप्तांना ध्यानावस्थेत वाचविते आणि मृत्यूनंतर ‘माझू’ नावाची समुद्रदेवी होते, अशी परंपरा आहे. तिला ग्वानयिनचा अवतारही मानतात. या उपासनेचा २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आपल्या किनाऱ्यावर कोळी-मांगेला समाज नारळी पौर्णिमेला समुद्रालाच नारळ अर्पण करतो. परंतु आईचे ठाणे मात्र डोंगरात असते. कोळ्यांची एकवीरा कार्ल्याला, बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशीच, उभी आहे. डहाणूजवळ विवळवेढे येथील महालक्ष्मीचे मूळ ठाणे गडावर; चैत्र पौर्णिमेपासून तिची यात्रा भरते. डोंगर चढणे अशक्य झालेल्या भक्तासाठी देवी खाली पायथ्याशी आली, असे लोककथा सांगते. ‘खाली पाहणारा’ हा अवलोकितेश्वराच्या नावाचा अर्थ या कथेशेजारी ठेवून पाहावा. येथे देवी केवळ पाहून थांबत नाही, उतरते.

या दोन जगांची प्रत्यक्ष गाठही मुंबईत पडलेली आहे. ग्वांगतोंग प्रांतातून आलेल्या चिनी खलाशांचे व गोदीत राबणाऱ्यांचे १९१९ मधील मंदिर माझगाव येथे आहे. तेथे वीरदेव क्वान कुंग आणि ग्वानयिन यांची पूजा होते. १९६२ च्या युद्धानंतर ही वस्ती फार विरळ झाली. मंदिर मात्र राहिले. क्वान कुंग हा तिसऱ्या शतकात मारला गेलेला सेनानी. आपल्या वीरगळांमागे जी वीरपूजेची भावना आहे, तीच येथे देवत्वापर्यंत पोहोचली. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धेच कोरलेली आहेत. माझगावच्या मंदिरात भक्त सळ्या हलवून देवाचे मत विचारतो. कोकणात देवाला कौल लावतात. प्रश्न विचारण्याची साधने वेगळी असली तरी दैवताने उत्तर द्यावे, ही अपेक्षा समान आहे.

७. भेद

साम्य मांडताना भेदांकडे दुर्लक्ष होऊ नये. ग्वानयिन तत्त्वतः ईश्वर नाही. ती बोधिसत्त्व आहे, इतरांच्या मुक्तीसाठी झटणारी, अमिताभ बुद्धाची सहचर. वारकऱ्यांचा विठ्ठल मात्र परब्रह्म आहे. दुसरे असे की, संतांनी देवाला आई म्हटले ते मागणे मागण्यासाठी नव्हे. प्रेमाखेरीज काही मागू नये ही त्यांची भूमिका होती. शिवाय ‘तिकडची सर्व दैवते मूळची आपलीच’ हा अभिमानाचा निष्कर्षही टाळला पाहिजे. अवलोकितेश्वर येथून गेला हे खरे, पण म्याओशानची कथा आणि माझूची नौका ही चिनी भक्ताची निर्मिती आहे. उलट, जो येथून गेला तो आपल्या लोकस्मृतीतून पुसला गेला आणि परक्या भूमीत आई होऊन राहिला, याचा विचार आपण करावयास हवा.

८. समारोप

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळता येते. नवसावर टीका करणारे संत आणि वादळात नवस बोलणारी आई यांना आपण अभ्यासक्रमात वरच्या व खालच्या पायरीवर ठेवतो. परंतु संतांच्या अभंगातला धावा आणि त्या घरातली हाक यांचा उगम एकच आहे : कोणीतरी ऐकत आहे हा भरवसा. संतांनी त्या हाकेतील मागणे गाळून तिचे प्रेमात रूपांतर केले. हाक त्यांनी गाळली नाही. ज्या हाकेवरून एका देवाचे नाव दीड हजार वर्षे टिकले, ती हाक भक्ती नव्हे असे म्हणण्याचा अधिकार साहित्याच्या शिक्षकाला नाही.

सातपाटी, दांडी, घिवली या गावांतील स्त्रियांच्या तोंडी असलेली देवीची गाणी, नवसाचे बोल, बुडता वाचलेल्यांच्या कथा यांचे पद्धतशीर संकलन आपल्या विद्यार्थ्यांनी करावयास हवे. हे काम त्यांच्याइतके दुसरे कोणी नीट करू शकणार नाही, कारण ती भाषा त्यांच्या घरची आहे.