थर्मोस्टॅट घेण्याआधी बॉयलरला विचारा

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे जातात, आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरींमध्येच एक प्रश्न हमखास येतो: “स्मार्ट थर्मोस्टॅट कोणता घ्यावा?” दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. कुणी म्हणतं नेस्ट, कुणी हाइव्ह, कुणी टाडो. कुणाच्या ॲपमध्ये आलेख सुंदर दिसतात, कुणाचा अलेक्साशी बोलतो. विचारणाऱ्याच्या घरी बॉयलर कोणता आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्याकडे आलेल्या हीटिंग इंजिनिअरनं पहिला प्रश्न तोच विचारला. साउथॉलचे पंजाबी गृहस्थ, सगळे त्यांना पाजी म्हणतात. दारात बूट काढले, गॅस सेफचं ओळखपत्र दाखवलं (त्या नोंदणीशिवाय इथे गॅसच्या कामाला कुणी हात लावायचा नाही) आणि हॉलच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे ढुंकूनही न बघता ते स्वयंपाकघरात गेले. बोलावलं होतं ते थर्मोस्टॅट बदलायला.

घर 1930च्या दशकातलं, एका बाजूनं शेजाऱ्याला चिकटलेलं, तीन बेडरूमचं. बॉयलर हल शहरात तयार होणाऱ्या आयडियल कंपनीचा, कॉम्बी. म्हणजे टाकी नाही. नळ उघडला की पाणी तिथल्या तिथे तापवून देतो आणि एरवी रेडिएटरमधलं पाणी तापवून फिरवत राहतो. त्यावरच्या पट्टीवर 30 किलोवॅट असं लिहिलेलं. पाजींनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. “हे तीस तुमच्या शॉवरसाठी. घराला एवढे लागत नाहीत.” अशा घराला कडाक्याच्या थंडीतही सहा-आठ किलोवॅट पुरतात. यंत्र गरजेच्या चौपट दांडगं. आता त्याला भिंतीवरून हुकूम कसा जातो, यावर गॅसचं बिल ठरतं.

मग ते हॉलमध्ये आले. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं. आत दोन धातूंची एकमेकांना जोडलेली पट्टी. एक धातू उष्णतेनं जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि टोकाचा संपर्क तुटतो. तिच्या शेजारी नखाएवढा रेझिस्टर. हीटिंग चालू असेपर्यंत तो पट्टीला किंचित ऊब देत राहतो, म्हणून खोली ठरल्या तापमानाला पोचायच्या जरा आधीच पट्टी वाकते. बॉयलर बंद झाला तरी रेडिएटरमधलं गरम पाणी खोलीला आणखी बराच वेळ उष्णता देत राहणार, हे बनवणाऱ्यानं जमेस धरलेलं. खोक्यावर ‘स्मार्ट’ छापायची पद्धत सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही हुशारी. खुद्द विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट 1883चं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक, तापमान बघायला शाळेचा शिपाई सारखा वर्गात डोकावतो म्हणून वैतागून या उद्योगाला लागले होते.

पण ही पट्टी बॉयलरला दोनच गोष्टी सांगू शकते: पेट, नाहीतर विझ. आणि गंमत अशी की बाजारातल्या बऱ्याच स्मार्ट थर्मोस्टॅटचं वायफाय, ॲप आणि काचेचा चकचकीत चेहरा बाजूला ठेवला तर तेही एवढंच बोलतात. बॉयलरशेजारच्या डबीतला रिले ‘टक’ करतो, बॉयलर पेटतो. पुन्हा ‘टक’, विझतो. हाइव्ह ब्रिटिश गॅसचं अपत्य, 2013पासून घराघरांत दिसतो, म्हाताऱ्या माणसालाही चटकन वापरता येतो. पण बहुतेक घरांत तो या टक-टकवाल्यांतलाच.

त्यानं बिघडतं काय, हे पाजींनी मेन स्विच पुन्हा चालू करून आम्हाला घराबाहेर नेऊन दाखवलं. इंग्लंडमध्ये 2005पासून बसवलेले बहुतेक सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचे आहेत. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ बॉयलरच्या आतच निवून पाणी झाली, तर तिच्यात दडलेली उष्णता घराला मिळते. नाही झाली, तर धुराबरोबर बाहेर जाते. निवायला मात्र रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली हवं. आमचा बॉयलर पाणी 75 अंशांवर सोडत होता. परत येताना ते साठच्या वरच असणार. मागच्या भिंतीतून गटाराकडे जाणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी त्यांनी दाखवली. निवलेल्या वाफेचं पाणी याच नळीनं जातं. बॉयलर चांगला तासभर पेटलेला होता, आणि नळीचं तोंड जवळजवळ कोरडं.

आत येऊन त्यांनी बॉयलरवरचं रेडिएटरचं बटण 75वरून 55च्या आसपास आणलं आणि चहा मागितला. सासूबाईंनी आल्याचा चहा टाकला. चहा पिऊन होईस्तोवर नळीतून मधून मधून पाणी सुटायला लागलं होतं. एक पेनीचंही सामान न विकता पाजींनी आमचा गॅस वाचवायला सुरुवात केली होती. मला वाटतं, स्मार्ट थर्मोस्टॅटच्या दुकानात शिरण्याआधी प्रत्येकानं हे बटण फिरवून बघावं. घर तापायला वेळ लागतो, रेडिएटर हाताला पूर्वीसारखे चटका देत नाहीत, आणि म्हणून लोकांना वाटतं हीटिंग बिघडलं. जुनाट, गळक्या खिडक्यांच्या घराला 55 पुरणारही नाही. तिथे साठ-पासष्टवर थांबावं लागेल.

याच्या पुढची पायरी म्हणजे ओपनथर्म. 1996मध्ये सुरू झालेली ही पद्धत. दोन बारीक तारा, कमी व्होल्टेज, कुठली तार कुठल्या स्क्रूला हेही बघायला नको. त्यातून थर्मोस्टॅट बॉयलरला सांगतो, “आत्ता मला 48 अंशांचं पाणी पुरे.” खोली ठरल्या तापमानाजवळ आली की मागणी आणखी खाली येते. भडक्यावर दूध उतू घालवून बर्नर बंद करायचा की मंद आचेवर ठेवायचं, एवढाच हा फरक. पाजींनी बॉयलरखालच्या टर्मिनलवर मोबाइलचा टॉर्च मारला. ओपनथर्मचे दोन स्क्रू तिथे होते आणि इतकी वर्षं रिकामे होते. “शेजारच्या टर्मिनलला 230 व्होल्ट आहेत. ती तार चुकून इथे लावली की बोर्ड खलास. लोक यूट्यूब बघून करतात, मग मला फोन करतात.”

सगळेच बॉयलर ही भाषा बोलत नाहीत. व्हॅलंटची स्वतःची ईबस आहे, वूस्टर बॉशची ईएमएस. ज्यांच्याकडे हे बॉयलर आहेत, त्यांनी बाहेरचा देखणा थर्मोस्टॅट आणून टक-टकवर चालवण्यापेक्षा त्याच कंपनीचा कंट्रोलर घ्यावा, तो दिसायला कितीही ओबडधोबड असो. ग्रुपवर हे सांगितलं की मंडळी नाराज होतात.

दुसरा प्रश्न पाजींनी माणसांबद्दल विचारला. दिवसा घरात कोण असतं? सासूबाई नाशिकहून आलेल्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. आम्ही दोघं कामाला आणि मुलगी शाळेत गेली की दिवसभर त्या एकट्या. स्मार्ट थर्मोस्टॅटची सर्वांत जास्त जाहिरात होते ती इथेच: तुमचे फोन घरापासून लांब गेले की तो आपोआप हीटिंग उतरवतो. पण सासूबाईंच्या फोनमध्ये भारतातलं सिम, आमचं ॲप नाही. थर्मोस्टॅटच्या लेखी घर रिकामं. हिवाळ्यात आईवडील आलेल्या घरांतून या तक्रारी किती ऐकू येतात! मुलगा ऑफिसात, आणि आजी शाल-कानटोपीत, ओट्याच्या गॅसपाशी हात शेकत. मुलाला त्रास नको म्हणून बोलतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018च्या मार्गदर्शिकेत घरातलं तापमान निदान 18 अंश असावं असं म्हटलंय; म्हाताऱ्या माणसांना त्याहून थोडं जास्तच लागतं.

“आंटीजी घरी आहेत, तर लोकेशनचं विसरा,” पाजी म्हणाले. “आणि खोक्यावरची बचतही विसरा. ती रिकाम्या घराची असते.” हे मला पटलं. दिवसभर माणूस असलेल्या घरात बंद ठेवून पैसे वाचत नाहीत. वाचतात ते मंद जाळून आणि नको त्या खोल्या न तापवून.

मग खोल्यांचा हिशेब. जुना थर्मोस्टॅट हॉलमध्ये, पुढच्या दारासमोर. दार उघडलं की गार झोत त्याच्यावर, की बॉयलर सुरू, आणि बैठकीच्या खोलीत गुदमरायला होतं. नवा थर्मोस्टॅट बिनतारी, म्हणजे जिथे माणूस बसतो तिथे ठेवता येतो. नवऱ्यानं बैठकीच्या खोलीतला देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा सुचवला. पाजींनी मान हलवली. सकाळ-संध्याकाळ समई लागणार, थर्मोस्टॅटला वाटणार खोली तापली. “मग देव हलायचे नाहीत,” सासूबाई आपल्या नाशिकच्या हिंदीत म्हणाल्या, “तुमचं यंत्र हलवा.” शेवटी समोरच्या आतल्या भिंतीवर, साधारण दीड मीटर उंचीवर, ऊन, टीव्ही आणि रेडिएटर तिन्हींपासून लांब जागा ठरली.

रेडिएटरवर बसवायच्या स्मार्ट व्हॉल्व्हचा मोह आम्हालाही होता. प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं, सगळं फोनवर. जुनी टोपी हातानं पिळून काढायची, आत पितळी पिन दिसते, नवा व्हॉल्व्ह बहुधा त्याच 30 मिलिमीटरच्या आट्यांवर बसतो. पन्नास-साठ पौंडांना एक. पाजींनी सगळीकडे लावायला साफ नकार दिला. कारण तेच: बॉयलर कितीही मंद केला तरी पाच-सहा किलोवॅटच्या खाली जात नाही. एका छोट्या बेडरूमनं रात्री दोनला ऊब मागितली आणि बाकी सगळे व्हॉल्व्ह मिटलेले असले, तर एक किलोवॅटच्या रेडिएटरसाठी बॉयलर पेटणार, मिनिटभरात पाणी उकळायला आल्यासारखं होऊन विझणार, पुन्हा पेटणार. म्हणजे एकीकडे मंद आच मिळवायची आणि दुसरीकडे ती घालवायची. शिवाय व्हॉल्व्हमधली छोटी मोटर मध्यरात्री घुर्र करते. हलकी झोप असणाऱ्यानं ती आधी दुकानात ऐकावी. ठरलं ते असं: व्हॉल्व्ह फक्त वरच्या बेडरूममध्ये, म्हणजे दिवसा त्या थंड राहतील. बैठकीच्या खोलीतले रेडिएटर पूर्ण उघडे, तिथला कारभार थर्मोस्टॅट बघेल.

राहिला कंपनीचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत शेवटी आला हे बरंच झालं. बॉयलर पंधरा वर्षं टिकतो. ॲपचं तसं नाही. 25 ऑक्टोबर 2025ला गूगलनं पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचा फोनशी संबंध तोडला, 2014ची युरोपातली आवृत्तीही त्यात आली. भिंतीवर हातानं फिरवले तर ते अजून चालतात, एवढंच. युरोपात नवे नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही, हेही गूगलनं त्याच वर्षी सांगून टाकलं. म्हणून आमच्या अटी दोन: इंटरनेट गेलं तरी वेळापत्रक चालू राहावं, आणि फोनशिवाय हातानं फिरवता यावं. आम्ही ड्रेटनचा वायझर घेतला. ओपनथर्म येतं, आणि त्याच्या रेडिएटर व्हॉल्व्हची टोपी अधिकच्या खुणेकडे पिळली की खोली तासाभरासाठी दोन अंश वाढवून मागते. सासूबाईंना फक्त एवढंच शिकवावं लागलं. दिसायला तो अगदीच मामुली आहे, पाहुण्यांना दाखवावा असा नाही.

बसवताना पाजींनी जुनी 230 व्होल्टची तार काढून तिचं टोक बंद केलं, ओपनथर्मच्या दोन स्क्रूंमध्ये नवी बारीक तार घातली आणि बॉयलरच्या पडद्यावरचा आकडा आम्हाला वाचायला लावला. आधी 55, मग खोली तापत आली तसा 51, मग 46. आच खाली येताना इतकी स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं. ॲप त्यांनी नवऱ्याच्या फोनवर टाकलं आणि वेळापत्रक तो लिहीत बसला.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी पाजींना हाक मारली. त्यांनी सरकारच्या साडेसात हजार पौंडांच्या अनुदानातून बॉयलर काढून हीट पंप बसवलाय, आणि आता त्यावर स्मार्ट थर्मोस्टॅट हवा होता. पाजी जाऊन मागच्या अंगणातला तो भलामोठा पंखा आणि भिंतीवरचा बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बघून आले. हीट पंप चाळिसेक अंशांचं पाणी दिवसरात्र संथपणे फिरवतो. रात्री घर थंड पाडून सकाळी घाईनं तापवायला सांगितलं की त्याला पाणी जास्त गरम करावं लागतं आणि वीज जास्त खातो. बाहेरची थंडी बघून पाणी किती तापवायचं हे त्याचा स्वतःचा कंट्रोलर आधीच ठरवत होता. शेजाऱ्यांनी विचारलं, मग मी कोणता घेऊ? पाजी म्हणाले, काहीच घेऊ नका, आणि तपासणीचे पैसेही न घेता व्हॅनमध्ये जाऊन बसले.