पट्टा जिथे जखडलेला असतो

सीट बेल्टचा कायदा म्हटला की चौकातला पोलीस आणि ई-चलान आठवतं. मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाने बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बाल-आसनाविना नेलं तरी तेवढाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात दिसलं. मागच्या सीटची सक्ती त्यानंतर आली, असा अनेकांचा समज आहे. ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासूनच होती.

या कायद्याचा दुसरा भाग गाडी बनवणाऱ्यासाठी आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बेल्ट गाडीच्या सांगाड्याला तीन ठिकाणी जखडलेला असतो: खांद्याच्या बाजूला दारामागच्या खांबात आणि कमरेच्या दोन्ही अंगांना. ही बांधणी किती ओढ सोसेल, यावर सगळं अवलंबून आहे. समजा, ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारा सत्तर किलोचा माणूस धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला. त्याला रोखायला सुमारे दीड टन ओढ लागते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या नियमात प्रवासी कारच्या तीन टोकांच्या बेल्टसाठी खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी १३५० डेकान्यूटन, म्हणजे जवळपास एक टन तीनशे पंच्याहत्तर किलोच्या वजनाएवढा जोर लावून पाहतात. मागच्या सलग बाकावर तिघांची जागा असेल तर तिन्ही बेल्ट एकदमच ओढतात. आपली मानकंही याच धर्तीची आहेत.

या नियमातली एक तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाचणीत पत्रा वाकला, अगदी थोडा फाटला, तरी बांधणी उत्तीर्ण होते. ठरलेला जोर ठरलेला वेळ पेलला की झालं. हे रास्तच आहे, कारण वाकणारा पत्रा धक्क्याचा काही भाग स्वतः घेतो. पण याचा सरळ अर्थ असा की मोठ्या अपघातातून गेलेली बांधणी पुढच्या अपघाताला तेवढीच पुरेल, याची हमी कुणीच दिलेली नाही.

आणि आपल्याकडे नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. ठोकलेली गाडी गॅरेजात जाते, खांब ठोकून सरळ होतो, वर पुट्टी आणि रंग चढतो, बेल्ट मात्र जुनाच राहतो. धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणा एकदाच उडते. ती उडाल्यावर नवी बसवावीच लागते. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तोवर फिटनेस तपासणीची सक्ती नसल्यामुळे हे आरटीओच्या नजरेला पडेलच असं नाही.

जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. त्याआधी प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. कडा विसविशीत झाल्या आहेत का, धागे ताणून चकाकतात का, झटका दिल्यावर पट्टा अडतो का, हे पाहावं. खांबावरचं प्लास्टिक उघडून बोल्टभोवतीचा पत्रा मेकॅनिककडून बघून घ्यावा. अपघाताची दुरुस्ती झाली असेल तर बिलात बेल्ट बदलल्याची नोंद मागावी. आणि मागची बकलं सीट कव्हरखाली गाडली गेली असतील, तर कव्हर त्याच दिवशी कापून ती वर काढावीत.