बर्फ, पायवाटा आणि विद्यापीठाचे गाव

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या आणि त्याच्या शेजारच्या रांगांच्या पायथ्याशी वसलेल्या विद्यापीठांच्या गावांकडे दरवर्षी विद्यार्थ्यांचा जो ओघ लागतो, त्यातील बरेच जण अभ्यासक्रम आणि शुल्क यांच्याबरोबर जवळचा डोंगर पाहूनही प्रवेश घेतात. पायांना लांब, अरुंद पट्ट्या जोडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचे स्कीइंग आणि जाड, खाचेदार टायरांच्या सायकलीवरून खडकाळ पायवाटा पार करण्याचे माउंटन बायकिंग हे दोन्ही खेळ तिथे इतके रुजले आहेत की, गाव निवडताना त्यांचा विचार करणे कोणाला उनाडपणाचे वाटत नाही. तसे ते वाटण्याचे कारणही नाही, कारण पदवीच्या वर्षांत जडलेल्या शरीरश्रमाच्या सवयी अनेकदा पुढेही टिकतात. मात्र हा विचार नकाशावरचे अंतर मोजून उरकला जातो आणि तिथेच निवड फसते.

अंतरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, दुपारचा शेवटचा तास संपल्यावर सायकल काढलेला विद्यार्थी काळोख पडण्याआधी पायवाट फिरून परत येऊ शकतो का, आणि सकाळी बर्फावर जाऊन आलेला विद्यार्थी दुपारच्या तासाला वर्गात हजर राहू शकतो का. दर शनिवारी दोनशे किलोमीटर गाडी हाकण्याचा बेत पहिल्या सत्रपरीक्षेपर्यंतच टिकतो. या कसोटीवर दोन्ही खेळ एकमेकांच्या आड येतात, कारण ज्या गावात दाराशीच भरपूर बर्फ पडतो तिथल्या पायवाटा वसंत उलटेपर्यंत गाडलेल्या राहतात आणि बर्फ वितळल्यावरही काही आठवडे चिखलाने निकामी होतात, तर जिथे वर्षभर सायकल चालते तिथे स्कीइंगपुरता बर्फ टिकत नाही. हा पेच समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतील फरकामुळे सुटतो. गाव कोरड्या, तुलनेने सखल दरीत असावे आणि त्याच्या अगदी पाठीशी उंच पर्वत उभा असावा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये खाली धूळभरल्या वाटांवर सायकली धावत असताना वर स्कीइंगचा हंगाम चालू राहतो.

युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी हे या भूरचनेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १८५० साली स्थापन झालेल्या युटा विद्यापीठाचे आवार शहराच्या पूर्व टोकाला, वासाच पर्वतरांगेच्या पायथ्याला टेकून पसरलेले आहे. शहराची उंची सुमारे १,३०० मीटर, तर तिथून पाऊण तासाच्या अंतरावर असलेल्या आल्टा या स्की-केंद्राचा पायथाच सुमारे २,६०० मीटरांवर आहे. पॅसिफिक महासागरावरून आलेली वादळे नेवाडातील वाळवंटी पठार ओलांडून या रांगेवर आदळतात आणि वर चढताना थंड होऊन आपली आर्द्रता बर्फाच्या रूपाने टाकतात; नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना घाटमाथ्यावर जो पाऊस ओततात, त्यामागचे कारण हेच. खारटपणामुळे हिवाळ्यातही न गोठणाऱ्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराची वाफ त्यात काही वेळा भर घालते. आल्टा येथे हंगामात सरासरी १२ मीटरांहून अधिक बर्फ पडतो आणि २०२२-२३ च्या विलक्षण हंगामात तो जवळपास २३ मीटर पडला. हा बर्फ हलका आणि कोरडा असतो. स्की करणारे त्याला ‘पावडर’ म्हणतात आणि त्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकावरून येतात. आल्टाची पहिली लिफ्ट, म्हणजे तारेवरून माणसांना शिखराकडे नेणारी खुर्च्यांची व्यवस्था, १९३९ साली सुरू झाली; शेजारचे स्नोबर्ड हे स्की-केंद्र १९७१ चे. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा युटा विद्यापीठाच्याच स्टेडियममध्ये झाला आणि २०३४ चे हिवाळी ऑलिंपिकही याच राज्याला मिळाले आहे.

सायकलीच्या बाजूने पाहता विद्यापीठाच्या मागच्या उतारावरून बॉनव्हिल शोरलाइन ट्रेल ही पायवाट जाते. हिमयुगात ही सारी दरी बॉनव्हिल नावाच्या प्रचंड सरोवराखाली होती आणि त्याच्या लाटांनी डोंगराच्या कडेला जी सपाट पायरी कोरली, तिच्या आधाराने ही वाट आखलेली आहे. वसतिगृहातून सायकलीवर टांग मारून काही मिनिटांत तिच्यावर पोहोचता येते आणि या सोयीची बरोबरी कोणतेही प्रसिद्ध पण दूरचे ठिकाण करू शकत नाही. पायवाटांची अवघडपणानुसार प्रतवारी हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा चिन्हांनी केलेली असते. उत्तर अमेरिकेतील स्कीच्या उतारांची चिन्हेच सायकलवाल्यांनी उचलली असल्याने एका खेळातला विद्यार्थी दुसऱ्यात लवकर रुळतो.

तरीही डोंगर जवळ आहे म्हणजे त्यावर सायकल नेता येते असे नाही. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित केलेल्या क्षेत्रांत यांत्रिक वाहतुकीला मनाई असून त्या मनाईत सायकलही येते, आणि सॉल्ट लेक सिटीच्या माथ्यावरील माउंट ऑलिंपस, ट्विन पीक्स व लोन पीक ही तिन्ही क्षेत्रे अशीच संरक्षित आहेत. शहरालगतच्या मिलक्रीक दरीत तर नियम आणखी बारकाईचे आहेत. तिथल्या वरच्या भागातील पायवाटांवर सायकलींना फक्त समसंख्येच्या तारखांना प्रवेश असतो, विषम तारखांना लोक आपली कुत्री मोकळी सोडू शकतात, आणि वर जाणाऱ्या रस्त्याचे फाटक साधारणपणे १ जुलैपर्यंत मोटारींसाठी बंदच असते. पायी चालणारे, सायकलवाले आणि कुत्रेवाले यांच्यातील भांडण तारखा वाटून मिटवण्याची ही रीत शहाणपणाची आहे. पण ती ठाऊक नसलेला नवखा विद्यार्थी विषम तारखेला तिथे पोहोचला, तर त्याला परत फिरावे लागते.

या शहराचे दोष लपवणे योग्य नव्हे. हिवाळ्यात थंड, जड हवा दरीच्या तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. हवामानशास्त्रात याला तापमान-व्युत्क्रमण म्हणतात. अशा वेळी वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर दिवसचे दिवस शहरात कोंडून राहतो आणि डोंगरावर स्वच्छ ऊन असताना खाली हवा करडी दिसते. दमा असलेल्या विद्यार्थ्याने हे शहर निवडण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. दुसरा दोष रस्त्याचा. आल्टाकडे जाणारा लिटल कॉटनवुड दरीतील एकमेव रस्ता हिमस्खलनाच्या, म्हणजे बर्फाचे थर उतारावरून कोसळण्याच्या, अनेक मार्गांखालून जातो आणि मोठ्या हिमवर्षावानंतर तो बंद करून धोक्याचे थर मुद्दाम पाडले जातात. धोका फार वाढला तर वरच्या वस्तीत ‘इंटरलॉज’ लागू होते, म्हणजे कोणीही इमारतीबाहेर पाऊल टाकणे बेकायदा ठरते. ज्या दिवशी बर्फ सर्वांत उत्तम असतो, नेमक्या त्याच दिवशी तिथे पोहोचणे अवघड असते.

केवळ सायकलीचे वेड असलेल्यासाठी कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील डुरँगो हे छोटे गाव अधिक चांगले आहे. सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या या गावाच्या डोक्यावरील पठारावर फोर्ट लुईस कॉलेज असून तिथून हॉर्स गल्चच्या पायवाटा लागूनच सुरू होतात. पहिली अधिकृत माउंटन बायकिंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली डुरँगोलाच झाली आणि पुरुषांची क्रॉस-कंट्री शर्यत गावकरी झालेल्या नेड ओव्हरेंड यांनी जिंकली. कॉलेजच्या सायकल संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदे अनेकदा मिळवली आहेत. पर्गेटरी हे स्की-केंद्र उत्तरेला सुमारे ४३ किलोमीटरांवर आहे, पण तिथला बर्फ आल्टाच्या मानाने बराच कमी. या कॉलेजचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. आधी लष्करी ठाणे आणि मग मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून शिकवणारी निवासी शाळा असलेली ही संस्था १९११ मध्ये राज्याकडे आली, ती मूलनिवासी विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेतले जाणार नाही या अटीवर, आणि ती अट आजही पाळली जाते.

इतर गावांत बहुधा एक पारडे जड असते. मोंटानातील बोझमन येथे ब्रिजर बोल हे ना-नफा तत्त्वावर चालणारे स्की-केंद्र सुमारे २५ किलोमीटरांवर आहे, पण तिथला वसंत उशिरा येतो. कोलोरॅडोतील बोल्डरहून एल्डोरा स्की-केंद्राला सार्वजनिक बसने जाता येते, मात्र गावाच्या पाठीशी दिसणाऱ्या सुप्रसिद्ध कड्यांखालच्या बहुतेक पायवाटा सायकलींना बंद आहेत. फोर्ट कॉलिन्सला हॉर्सटूथच्या टेकड्या जवळ आहेत आणि लिफ्टचे स्कीइंग दूर. पश्चिमेबाहेर, मिशिगन टेक विद्यापीठाची तर मॉन्ट रिप्ली ही स्वतःची स्की-टेकडी कालव्यापलीकडे उभी आहे, पण ती टेकडीच, पर्वत नव्हे.

पैशाचा हिशेब यापुढचा. सरकारी विद्यापीठे राज्यातील रहिवाशांकडून कमी आणि बाहेरच्यांकडून कितीतरी जास्त शुल्क घेतात. पश्चिमेकडील राज्यांनी आपसांत केलेल्या विनिमय योजनेत मात्र सहभागी संस्था शेजारच्या राज्यांतील पात्र पदवी-विद्यार्थ्यांना रहिवासी शुल्काच्या जास्तीत जास्त दीडपटीत प्रवेश देतात. स्कीचे एका दिवसाचे तिकीट अतोनात महाग असल्याने हंगामभराचा पास घ्यावा लागतो आणि विद्यार्थ्यांसाठीचे सवलतीचे पास हंगामाआधीच स्वस्त असतात.

महाराष्ट्रातून पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांना ही विनिमय योजना सहसा लागू होत नाही. अनेक अमेरिकी विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी लिफ्टवर काम करून पास फुकट मिळवतात. तोही मार्ग विद्यार्थी व्हिसावर बंद असतो, कारण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही कॅम्पसवरच काम करण्याची मुभा असते. फोर्ट लुईस हे प्रामुख्याने पदवीपर्यंतचे कॉलेज असल्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांपुढे डुरँगोचा पर्याय फारसा उरत नाही. संशोधनाची सोय, बर्फ आणि पायवाटा या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असणाऱ्याने सॉल्ट लेक सिटीला पहिली पसंती द्यावी. मात्र विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात स्कीइंग आणि सायकलिंगच्या अपघातांवरील उपचार किती प्रमाणात येतात, हे प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे, कारण तिथे एका मोडलेल्या हाडाचे बिल सत्राच्या शुल्काच्या घरात जाऊ शकते.