नकाशा गावाचा, सोंगट्या मातीच्या, खेळ पाण्याचा

पट आणि सोंगट्या आपल्याला नव्या नाहीत. पण काही खेळांत पट तयार मिळत नाही, तो खेळणाऱ्यांनीच काढायचा असतो. त्यावर डोंगर, नाले, घरं मांडायची, आपापली सोंगटी घडवायची आणि त्या माणसाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, ते खेळायचं. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा असा खेळ निघाला. आता मुलं असे खेळ कॉम्प्युटर-मोबाइलवरही खेळतात. आज आपण ही रीत आपल्या शिवारात आणू या, विहिरीच्या पाण्यासाठी.

पाण्यासाठीच का? जमिनीखालचं पाणी डोळ्यांना दिसत नाही. जो तो आपल्या विहिरीपुरतं बघतो. पण खालचा झरा सगळ्यांचा एकच असू शकतो. आंध्र प्रदेशातल्या काही गावांत अभ्यासकांनी पाच-पाच जणांना बसवून असा खेळ घेतला. कमी पाण्याचं पीक घ्यायचं की जास्त पाण्याचं, एवढंच ठरवायचं होतं. जिथे खेळ झाला, त्या गावांनी पाण्याचे नियम ठरवण्याचं प्रमाण इतर गावांपेक्षा जास्त दिसलं. आपला बुलढाणा जिल्हाही अटल भूजल योजनेत आला. त्या योजनेत गावानं पाण्याचा जमाखर्च मांडायचा होता. हा खेळ त्याचीच तालीम समजा.

आधी नकाशा. समाजमंदिरासमोरची जागा झाडून घ्या. रांगोळीनं पहिल्यांदा नाला काढा, मग रस्ता, मग गावठाण. एक वीत म्हणजे शंभर पावलं, असं माप धरा. विहिरींना निळे खडे, बोअरला बाटलीची झाकणं, हातपंपाला काडी. टेकडी दाखवायची तर पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवा, खालचा मोठा, वरचा लहान. पाणी कुठून कुठे वाहतं, ते लगेच कळतं. शेवटी एक प्रश्न विचारा: कोणाचं घर राहिलं? पारधी बेडा, शेतातली वस्ती, गावाबाहेरचं एकटं घर हमखास राहून जातं.

मग सोंगट्या. चिकणमातीच्या, बोटाएवढ्या पाच करा आणि सावलीत वाळवा. बूड रुंद ठेवा, म्हणजे पडणार नाहीत. ओळखू यावी म्हणून प्रत्येकीला एक खूण द्या: डोक्यावर घागर, हातात विळा, कडेवर मूल. चौघी शेतकरी: एक संत्र्याच्या बागेची, एक दोन एकरवाली, एक कर्ज असलेली, एक एकटीनं शेत करणारी. पाचवी भूमिहीन, हातपंपावर पाणी भरणारी. खऱ्या बाईचं नाव देऊ नका, आणि शक्यतो आपल्याहून वेगळी सोंगटी घ्या.

आता खेळ. वाटीत तुरीचे ४० दाणे ठेवा. हे जमिनीतलं पाणी. दर फेरीला फासा टाका. पडेल त्याहून दोन दाणे जास्त वाटीत घाला. हा पाऊस. मग चौघी पीक ठरवून आपापले दाणे घेतील. त्यांच्यानंतर पाचवी पिण्यासाठी एक दाणा घेईल. हरभऱ्याला एक दाणा लागतो, मिळतात दोन सरक्या. गव्हाला तीन दाणे लागतात, मिळतात तीन सरक्या. हे आकडे खेळापुरते आहेत, आपल्या अनुभवानं बदला.

पहिले चार डाव न बोलता खेळा. सगळ्यांनी गहू घेतला, तर साधारण पाच-सहा फेऱ्यांत वाटी तळाला जाते आणि पाचवीची घागर रिकामी राहते. तिनं पीक घेतलेलंच नव्हतं! नंतरचे डाव एकमेकींशी बोलून, नियम ठरवून खेळा. शेवटी सरक्या मोजा आणि वाटीतले दाणेही मोजा. फरक कशानं पडला, यावर बोला.

शहरात गेलेल्या लेकीलाही खेळवता येतं. जिन्यावरून किंवा स्टुलावरून नकाशाचा फोटो सरळ वरून काढा. सोंगट्यांचे फोटो वेगळे काढा. मुलींना सांगितलं तर त्या फोटोवर चौकटी आखून सोंगट्या मोबाइलवर सरकवता येतील असं करून देतील. फोन लावून ठेवायचा, फासा इथे टाकायचा, चाल तिथून सांगायची.

खेळ झाल्यावर नकाशा पुसण्याआधी कागदावर उतरवून घ्या. दर महिन्याला दोरी सोडून दोन-तीन विहिरींचं पाणी किती फुटांवर आहे, ते गटाच्या वहीत लिहा. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला, की नकाशा आणि वही पुढे ठेवा. नुसत्या तक्रारीपेक्षा त्या दोन वस्तूंना वजन येतं. आणि बोलायला उभ्या राहाल, तेव्हा पाचव्या सोंगटीच्या घागरीचं पहिल्यांदा बोला.